उंबरठ्याबाहेर जाणाऱ्या चार गोष्टी



खेड्यातील कोणतेही घर घेतले, तरी सकाळच्या प्रहरी त्या घरातून चार गोष्टी बाहेर पडताना दिसतात. मोरीतून सांडपाणी वाहते. केरसुणीपुढे केर, राख व भाजीचे देठ जातात. चुलीचा धूर कौलांतून किंवा पत्र्याच्या फटींतून निघतो. आणि या तीन जुन्या गोष्टींच्या जोडीला दुकानातून आलेली प्लॅस्टिकची रिकामी पुडी अंगणात येऊन पडते. घरातील माणसांच्या दृष्टीने या गोष्टी उंबरठा ओलांडताच संपतात. वस्तुतः त्या संपत नाहीत. त्यांचे केवळ ठिकाण बदलते. सांडपाणी शेजाऱ्याच्या दारी साचते, केर पावसाबरोबर ओढ्यात उतरतो, धूर घरातील माणसांच्याच छातीत राहतो आणि पुडी गुराच्या पोटात जाते.

‘पर्यावरण’ हा शब्द मोठा आहे. तो उच्चारला की मुलांना दूरची अरण्ये, बर्फाचे डोंगर व वाघ आठवतात. त्यांवर दहा वाक्ये लिहावयास सांगितली तर मुले ती लिहितातही. परंतु त्या दहा वाक्यांचा व घराच्या मागील डबक्याचा काही संबंध आहे, असे त्यांच्या मनात येत नाही. हा संबंध जोडून देणे हे प्राथमिक शिक्षकाचे काम आहे, व त्यासाठी वरील चार गोष्टींहून चांगले साधन नाही. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रत्येकीचा विचार करून, घरच्या घरी काय करता येईल व वर्गात ते कसे दाखविता येईल, हे सांगण्याचा हेतू आहे.

घरातील लहानशा सवयीने काय होणार, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिला नारूच्या रोगाचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यातून होणाऱ्या या रोगाने एके काळी खेडीच्या खेडी जर्जर केली होती. त्यावर लस नव्हती आणि हमखास गुण देणारे औषधही नव्हते. हातपंप बसविले गेले, पायऱ्यांच्या विहिरी सुधारल्या गेल्या, पाण्यात औषध टाकले गेले. आणि या सर्वांच्या जोडीला घरोघरच्या स्त्रियांनी पिण्याचे पाणी दुहेरी कापडातून गाळण्याची सवय लावून घेतली. १९९६ नंतर भारतात या रोगाचा एकही रुग्ण आढळला नाही, व २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. हंड्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याचा त्या यशात मोठा वाटा होता.

१. सांडपाणी

नळयोजना गावात आली की पाण्याची हलाखी कमी होते, पण तिच्यामागून सांडपाणी वाढते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरास त्याप्रमाणे २७५ लिटर पाणी लागते. पिण्याचे व स्वयंपाकात मुरणारे पाणी वजा जाता यातील सुमारे चार पंचमांश, म्हणजे २२० लिटर, मोरीवाटे बाहेर पडते. शंभर घरांच्या वस्तीत हा आकडा दररोज २२,००० लिटरांवर जातो. विहिरीवरून हंडे वाहून आणावे लागत तेव्हा एवढे पाणी वापरलेच जात नव्हते. म्हणून आपल्या जुन्या गल्ल्यांना ते वाहून नेण्याची सोय नाही.

हे पाणी साचले की त्यात क्युलेक्स जातीच्या डासांची पैदास होते. हत्तीरोगाचा प्रसार हेच डास करतात. मुरत मुरत ते पाणी विहिरीच्या झऱ्यास मिळाले, तर पोटाचे विकार होतात. उलटपक्षी, योग्य जागी जिरविलेले सांडपाणी भूगर्भातील पाण्यात भर घालते व परसातील झाडे पोसते.

पहिला उपाय परसबागेचा. आपल्या घरांमागे मोरीच्या पाण्यावर अळू, केळ व कर्दळ लावण्याची चाल पूर्वीपासून आहे आणि ती शहाणपणाची आहे. या वनस्पतींना पाणी भरपूर लागते. मात्र साबणाचे पाणी एकाच जागी सतत सोडू नये, आळी बदलत राहावे; व जी भाजी कच्ची खाल्ली जाते, तिच्यावर सांडपाणी घालू नये. भांडी घासताना राख किंवा थोडाच साबण वापरल्यास हे पाणी झाडांना अधिक मानवते.

दुसरा उपाय शोषखड्ड्याचा. लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी सुमारे १ मीटर असा खड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, मध्ये मध्यम दगड व वर खडी भरावी. मधोमध तळाला भोके पाडलेले मातीचे मडके ठेवून त्यात काथ्या किंवा वाळलेले गवत घालावे, म्हणजे तेलकटपणा व अन्नकण तेथेच अडकतात. मोरीची नळी या मडक्यात सोडून खड्डा गोणपाटाने व मातीने झाकावा. मडक्यातील गवत दर आठवड्यास बदलावे. हे न केल्यास खड्डा काही महिन्यांत तुंबतो, आणि मग ‘शोषखड्डे चालत नाहीत’ असा बोभाटा होतो. विहीर किंवा हातपंप यांपासून खड्डा किमान १५ मीटर दूर असावा व त्यात शौचालयाचे पाणी कधीही सोडू नये. काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश जिरते, म्हणून प्रथम खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरते हे पाहावे व तेथे परसबागेवरच अधिक भर द्यावा. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे घेतले व डासांचा उपद्रव हटविला. पुढे ही रीत ‘नांदेड पॅटर्न’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास गटारात नव्हे, तर रांजण, टाकी, फुटके टायर, नारळाची करवंटी यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागे हे गणित आहे. मुलांना ‘कोरडा दिवस पाळा’ एवढेच न सांगता आठवड्याचाच अवधी का, हे समजावून द्यावे. कारण कळले की सवय टिकते.

२. केर, राख व शेण

जे जमिनीतून आले ते जमिनीत परत गेले पाहिजे, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तथापि घरापासून उकिरड्यापर्यंतच्या वाटेत आपण पुष्कळ गमावतो. उघड्यावर टाकलेला ढीग उन्हाने वाळतो, वाऱ्याने उडतो, व पावसात त्यातील सकस अंश धुऊन जातो. उरते ते खत नसून केवळ काडीकचरा असतो.

या बाबतीत आपल्या भागातच मोठे काम झालेले आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्ट करण्याची जी पद्धत बसविली, ती हिंदी शेतकऱ्याची रीत डोळसपणे पाहूनच. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाक्यात, थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजविण्याची पद्धत शोधून काढली. त्यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ हे नाव पडले व ती देशभर गेली. सुमारे चार महिन्यांत त्यातून उत्तम खत मिळते.

घरापुरते करावयाचे असेल, तर एवढ्या सामग्रीचीही गरज नाही. परसाच्या सावलीतील कोपऱ्यात, पाणी साचणार नाही अशा जागी, जुन्या विटांचा किंवा कुडाचा हौद करावा. त्यात एक थर भाजीच्या देठांचा व सालींचा, त्यावर दुप्पट जाडीचा थर वाळलेल्या पाल्याचा, व त्यावर शेणकाल्याचा व मातीचा पातळ हात, याप्रमाणे थर चढवीत जावे. ओल किती हवी, याची परीक्षा सोपी आहे. मूठभर माल दाबला असता हाताला ओल लागावी, पण बोटांतून पाणी गळू नये. दुर्गंधी सुटली तर पाणी अधिक झाले व हवा कमी पडली असे समजावे, आणि वाळलेला पाला मिसळून ढीग वरखाली करावा. महिना उलटूनही काही घडत नसेल, तर ढीग कोरडा आहे असे समजून पाणी शिंपडावे. चांगल्या मोठ्या ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता निर्माण होते. तिच्यामुळे तणाचे बी व रोगजंतू मरतात. ढिगात लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढली, तर ती तापलेली मुलांच्या हाताला लागते. हा प्रयोग त्यांना नवलाचा वाटतो, व सूक्ष्म जीवांचे काम डोळ्यांना न दिसताही त्यांना पटते.

गोवऱ्यांविषयी दोन शब्द. शेण जाळले की त्यातील नत्र धुराबरोबर निघून जाते. राखेत पालाश व थोडे स्फुरद राहते. तेच शेण गोबरगॅसच्या यंत्रात घातले, तर जळणही मिळते व बाहेर पडणाऱ्या रबडीत नत्रही राहते. २ घनमीटर क्षमतेच्या यंत्रास रोज सुमारे ५० किलो, म्हणजे चार-पाच जनावरांचे शेण लागते व पाच माणसांचा स्वयंपाक होतो. ज्यांच्या गोठ्यात एवढी जनावरे आहेत, त्यांनी याचा अवश्य विचार करावा. ज्यांच्याकडे एकच गाय आहे, त्यांना हा उपदेश करणे निरर्थक होय.

३. धूर

चार गोष्टींपैकी सर्वांत घातक ही, आणि सर्वांत कमी बोलली जाणारीही हीच. ओल्या सरपणाच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील अशा धुराने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत दोन लाखांहून अधिक बालके पाच वर्षांच्या आतील होती. चुलीपाशी आई बसते व तिच्या मांडीवर किंवा पाठीशी तान्हे मूल असते, हे आपण सर्वजण रोज पाहतो. आईचा खोकला हा घराचा नेहमीचा आवाज होऊन जातो, व कोणी त्याची दखल घेत नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ज्या अनेक घरगुती सुधारणा हाती घेतल्या, त्यांत धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ ही एक होती. पुढे २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली व गॅसची जोडणी लक्षावधी घरांत पोचली. तरीही पुष्कळ घरांत टाकी कोपऱ्यात व चूल मध्यभागी असे दृश्य दिसते. भरलेल्या टाकीचे पैसे एकदम द्यावे लागतात आणि सरपण फुकट मिळते, हे त्याचे साधे कारण आहे. म्हणून जेथे चूल राहणारच आहे, तेथे पुढील गोष्टी करता येतात:

(अ) सरपण पावसाळ्यापूर्वी फोडून, बारीक करून, आडोशाला रचून वाळवावे. वाळलेले लाकूड कमी धुरात अधिक आच देते.

(आ) डाळी व कडधान्ये आदल्या रात्री भिजत घालावीत व शिजविताना भांड्यावर झाकण ठेवावे. एवढ्याने जळणाची स्पष्ट बचत होते.

(इ) भाताला चांगली उकळी येऊन थोडा शिजला की झाकलेले भांडे गवत किंवा जुन्या कापडाने गच्च भरलेल्या खोक्यात ठेवून वरूनही झाकावे. आतल्या उष्णतेनेच तो पुरा शिजतो.

(ई) चुलीच्या वर भिंतीत झरोका किंवा धुराडे ठेवावे, व स्वयंपाक चालू असता तान्ह्या मुलास दुसऱ्या कोणीतरी घ्यावे. या शेवटच्या सूचनेस पैसा लागत नाही. घरातील पुरुषांनी थोडे उठावे लागते, इतकेच.

विजेचाही धूर असतो. तो आपल्या घरातून निघत नाही. चंद्रपूर, कोराडी, परळी येथील औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून निघतो. ६० वॅटचा जुना दिवा रोज चार तास लावला, तर ३० दिवसांत ७.२ युनिट वीज जळते. जवळजवळ तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १.०८ युनिटमध्ये काम भागवितो. हे उदाहरण पाचवीच्या मुलांस फळ्यावर करावयास द्यावे. उत्तर आले की त्यांना घरातील दिवे मोजून हिशेब करू द्यावा.

४. न कुजणाऱ्या वस्तू

जुन्या घरातून बाहेर जाणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कुजणारी होती, म्हणून ‘बाहेर टाकणे’ ही सवय त्या काळी फारशी बाधत नव्हती. सवय तीच राहिली व वस्तू बदलली, यातून आजची अडचण उत्पन्न झाली आहे. पळसाची पत्रावळ टाकली तर तिची माती होते. थर्माकोलच्या ताटलीचे तुकडे होतात, पण माती होत नाही.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या वगैरे वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद करण्यात आल्या. कायदा झाला, परंतु बाजारास जाताना हातात कापडी पिशवी नसेल, तर कायदा घरापर्यंत पोचत नाही. जुन्या लुगड्याची किंवा विजारीची पिशवी शिवणे हे कार्यानुभवाच्या एका तासाचे काम आहे.

केराबरोबर प्लॅस्टिक पेटवून देण्याची चाल फार वाईट आहे. त्या धुरात अनेक विषारी द्रव्ये असतात. विशेषतः पीव्हीसी जळाले तर डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक द्रव्ये तयार होतात. ती गवतावर बसतात व चाऱ्यावाटे दुधात उतरतात. उरलेले अन्न पिशवीत बांधून फेकणेही तितकेच वाईट, कारण गाय अन्नासाठी पिशवीसकट गिळते व ती पिशवी तिच्या पोटात कायमची राहते. म्हणून अन्न वेगळे व पिशवी वेगळी, हा नियम घरात पाळला जावा. बाटल्या, पत्रा, कागद व स्वच्छ प्लॅस्टिक एका पोत्यात साठवून भंगारवाल्यास द्यावे. बॅटरीचे सेल, फुटलेल्या ट्यूब व मुदत संपलेली औषधे खताच्या हौदात किंवा विहिरीजवळ कदापि टाकू नयेत. ती वेगळ्या डब्यात ठेवून ग्रामपंचायतीच्या कचरा संकलनाकडे सोपवावीत.

शिक्षकांनी करावयाचे काम

वरील माहिती एका तासात सांगून टाकू नये. महिन्याचे चार आठवडे करून प्रत्येक आठवड्यास एक गोष्ट घ्यावी व ती मोजण्यापासून आरंभ करावा. पहिल्या आठवड्यात मुलांनी घरातील बादल्या मोजाव्यात, व शाळेचा नळ गळत असेल तर त्याखाली तांब्या ठेवून तासाला किती पाणी जमते ते पाहावे. दुसऱ्या आठवड्यात केराचे वजन करावे. तिसऱ्यात कोणाच्या घरी झरोका आहे, सरपण कोठे ठेवले जाते, हे पाहून यावे. चौथ्यात आठवडाभरात घरी आलेल्या रिकाम्या पुड्या मोजाव्यात. मोजलेला आकडा मूल विसरत नाही.

हे करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मुलास घरचा हेर बनवू नये. ‘तुझ्या घरी चूल का?’ असा प्रश्न भर वर्गात विचारला गेला, तर मूल मान खाली घालते, आणि त्या दिवसापासून हा विषय त्याच्या दृष्टीने अपमानाचा ठरतो. ज्या घरात एकच दिवा जळतो, त्या घरास वीज वाचविण्याचा उपदेश शोभत नाही. गरिबाच्या घरातून मुळातच फार थोडे वाया जाते. फाटके लुगडे, फुटका हंडा, शिळी भाकरी यांचा तेथे शेवटपर्यंत उपयोग होतो. ही काटकसर दारिद्र्याची खूण नसून शिकण्याजोगी गोष्ट आहे, हे वर्गात मोठ्याने सांगितले जावे. ज्या मुलाची मान खाली जाण्याचा संभव होता, त्याची मान त्यायोगे वर होईल. तसेच, चूल आईच्या हाती असली तरी पैसा बहुधा वडिलांच्या हाती असतो. म्हणून धुराड्याची व झरोक्याची गोष्ट पालकसभेत वडिलांपुढे काढावी, आईला बोल लावू नये.

प्रात्यक्षिकासाठी शाळेतच जागा आहे. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून रोज सांडपाणी व भाजीची साले निघतात. त्यांचा शोषखड्डा, खताचा हौद व चार वाफ्यांची परसबाग झाली, म्हणजे गावास पाहावयास एक नमुना मिळेल. आणि शाळेच्याही आधी शिक्षकाने हे आपल्या बिऱ्हाडी करावे. खेड्यात शिक्षकाच्या घराचे मागील अंगण सर्वांना दिसते.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की प्रथम हातात खराटा घेऊन रस्ते झाडीत, व रात्री कीर्तनास उभे राहत. दिवसा त्यांना झाडताना पाहिलेली माणसे रात्री त्यांचे शब्द ऐकावयास येत असत. या महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या मोरीपासून प्रारंभ करावा, व सुटीनंतर दोन-चार मोठ्या मुलांस बरोबर घेऊन खड्ड्याची जागा आखावी, एवढी विनंती आहे.